मोरे, प्रा. रामकृष्ण

मोरे, प्रा. रामकृष्ण : (मृत्यू 2003). पुणे जिल्ह्यातील काँग्रेस नेते, दोन वेळा लोकसभा सदस्य, महाराष्ट्राचे माजी शालेय शिक्षणमंत्री.

लोकसभा : 1980 मध्ये इंदिरा काँग्रेसतर्फे खेडमधून विजयी, 1984 मध्ये पुन्हा. पिंपरी-चिंचवड नगरपालिकेचे पहिले नगराध्यक्ष अण्णासाहेब मगर हे या मतदारसंघातले त्यांचे पूर्वसुरी. 1989 मध्ये जागा जनता दलाच्या किसनराव बाणखेले यांच्याकडे गेली. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर, 2009 च्या निवडणुकीपासून, खेड हा लोकसभा मतदारसंघ उरला नाही.

पहिलीपासून इंग्रजी : ऑक्टोबर 1999 मध्ये विलासराव देशमुखांच्या आघाडी मंत्रिमंडळात मोरे यांच्याकडे शालेय शिक्षण खाते आले. वर्षभराच्या आत, जून 2000 पासून, राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या काळात मुंबई प्रांतात इंग्रजीचा आरंभ आठवीवर ढकलला गेला होता. पुढे तो पाचवीवर आला. मोरे यांनी त्याला थेट पहिलीत आणून बसवले.

भूमिका सरळ होती. शहरातल्या मुलाला इंग्रजी बालवर्गात मिळते, तर जिल्हा परिषदेच्या किंवा पालिकेच्या शाळेतल्या मुलाने पाचवीपर्यंत का थांबायचे? पिंपरी-चिंचवडमधल्या काळेवाडी-रहाटणीसारख्या, कारखान्यांच्या आधाराने वाढलेल्या कामगार वस्त्यांत हा प्रश्न घरोघरी ओळखीचा होता. विरोधकांचा आक्षेप दुहेरी होता : मातृभाषेत लिहिता-वाचता येण्याआधी परभाषा नको, आणि शिकवणार कोण? प्राथमिक शिक्षकांपैकी अनेकांनी स्वतः इंग्रजी शिकवण्याचे प्रशिक्षण घेतलेले नव्हते. सुरुवातीला भर ऐकण्या-बोलण्यावर, गाण्यांवर आणि चित्रांवर ठेवण्यात आला. बालभारतीचे पहिलीचे इंग्रजी पुस्तक खेड्यापाड्यांतल्या घरांत शिरले. त्या जूनमध्ये पहिलीत बसलेली मुले, मध्ये वर्ष न गमावता, मार्च 2010 मध्ये दहावीच्या परीक्षेला पोहोचली.

या निर्णयामुळे इंग्रजी माध्यमाकडे जाणारा ओघ किती रोखला गेला, याविषयी शिक्षणक्षेत्रात एकमत नाही. तो थांबला नाही, एवढे मात्र उघड आहे. मराठी शाळांनी पुढे ‘सेमी’चा, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवण्याचा, मार्ग मोठ्या प्रमाणावर धरला. तरी पहिलीतले इंग्रजी नंतर आलेल्या कोणत्याही सरकारने काढले नाही.

पिंपरी-चिंचवडचे राजकारण : 1999 मध्ये शरद पवारांनी राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन केली, तेव्हा मोरे मूळ काँग्रेसमध्येच राहिले. राज्यात दोन्ही पक्ष सत्तेत भागीदार, पिंपरी-चिंचवडमध्ये प्रतिस्पर्धी. मोरे यांच्यानंतर शहरातील काँग्रेस उतरणीला लागली. 2017 च्या महापालिका निवडणुकीत 128 पैकी एकही जागा पक्षाला मिळाली नाही. या घसरणीला पक्षांतर्गत कारणेही होती.

स्मारके : चिंचवडचे प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह. आकुर्डीचे, त्यांच्याच नावाचे पुणे जिल्हा शिक्षण मंडळाचे महाविद्यालय.