शिकागोच्या कत्तलखान्यातलं टेस्टिंग

रिव्हॉल्व्हरच्या इतिहासात एक गोष्ट हमखास सांगितली जाते. फिलिपाइन्समधल्या सामार बेटावर अंतोनियो कास्पी नावाच्या कैद्याने पळायचा प्रयत्न केला. झटापटीत त्याच्यावर अगदी जवळून ०.३८ कॅलिबरच्या चार गोळ्या झाडल्या गेल्या. तीन छातीत, चौथी हातातून आरपार. गडी पडला नाही. शेवटी कार्बाइनचा दस्ता कपाळावर बसला तेव्हा कुठे पडला, आणि पुढे इस्पितळात चक्क बरा झाला. मग म्हणे अमेरिकन लष्कराचे डोळे उघडले, शिकागोला वेगवेगळ्या गोळ्यांची चाचणी झाली आणि ०.४५ कॅलिबर ठरलं.

गोष्ट झकास आहे. फक्त कास्पीचा प्रसंग ऑक्टोबर १९०५ चा आणि चाचणी १९०४ ची! आधी फिक्स, मग बग.

अर्थात तक्रारी आधीपासून होत्याच. अमेरिकेच्या घोडदळाकडे १८७३ पासून कोल्टचं ०.४५ चं दणकट रिव्हॉल्व्हर होतं. १८९२ साली त्याच्या जागी ०.३८ चं नवं मॉडेल आलं. बाजूला उघडणारं चक्र, भरायला सोपं, हाताला झटका कमी. गोळी १५० ग्रेनची, म्हणजे दहा ग्रॅमच्या आसपास, आणि वेग सेकंदाला साधारण २३० मीटर. कागदावर सगळं छान. १८९९ पासून फिलिपाइन्समध्ये लढाई सुरू झाली आणि अधिकारी सांगू लागले, की बोलो (आपल्या कोयत्याचा भाऊबंद) घेऊन अंगावर येणारा माणूस या गोळीने थांबत नाही. गोदामातली जुनी ०.४५ परत बाहेर काढावी लागली. हा माणूस स्वतःच्याच देशात परक्या फौजेच्या अंगावर धावून जात होता, ही बाब या चर्चेत कुणाच्या लेखी नव्हती. रिक्वायरमेंट एकच: त्याला थांबवा.

काम दोघांकडे आलं. एक जॉन थॉम्पसन, पुढे ज्याच्या नावाने 'टॉमी गन' प्रसिद्ध झाली तोच. दुसरा लष्करी डॉक्टर लुई ला गार्ड. हा ला गार्ड खरा प्रयोग करणारा माणूस. बंदुकीतून सुटलेली गोळी उष्णतेने निर्जंतुक होते असा तेव्हा समज होता. याने १८९० च्या दशकात गोळ्यांना अँथ्रॅक्सचे जंतू लावून त्या जनावरांवर झाडल्या आणि तो समज खोटा ठरवला. प्रश्न स्वच्छ, उत्तर स्वच्छ.

शिकागोत मात्र तसं झालं नाही. ७.६५ आणि ९ मिमीच्या ल्यूगर, ०.३८ च्या दोन जाती, ०.४५ कोल्ट, इंग्रजांची ०.४५५ आणि ०.४७६ अशी काडतुसं घेतली. पहिल्या दिवशी कत्तलखान्यातली आठ जनावरं. बहुतेकांना फुप्फुसात आणि एकाला आतड्यात गोळी घालायची आणि घड्याळ लावून बघत बसायचं. फारच वेळ लागला तर डोक्यात हातोडा. यातून धड काही निघेना, म्हणून दुसऱ्या दिवशी पद्धतच बदलली: जनावर कोसळेपर्यंत किंवा दहा गोळ्या होईपर्यंत भराभर झाडत राहायचं. दोन दिवसांत मिळून दोन डझनही जनावरं नाहीत. वजनं वेगळी, जखमा वेगळ्या, आणि मध्येच टेस्ट प्लॅन बदललेला. वाचवत नाही ते, आणि सॅम्पल बघून हसूही येतं.

मृतदेहांवरचा भाग याहून विचित्र. प्रेतं टांगून ठेवायची, गोळी मारायची आणि देह किती झुलला याचा नजरेने अंदाज घ्यायचा. जरा हिशोब करू. ०.३८ ची दहा ग्रॅमची गोळी २३० मीटर वेगाने सत्तर किलोच्या देहात अडकली, तर त्याला मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम तीन सेंटिमीटर. ०.४५ ची सोळा ग्रॅमची गोळी २५० ने आली तर सहाच्याही आत. गोळी आरपार गेली तर आणखी कमी. एवढ्याशा फरकातून जिवंत माणूस थांबेल की नाही हे कसं कळणार? ती माणसं कोण होती, याची तर गोष्टीत कुठेच दाद नाही.

कल मोठ्या गोळ्यांच्या बाजूने दिसला हे खरं. अहवालात शिफारस आली की लष्करी पिस्तुलाचं कॅलिबर ०.४५ पेक्षा कमी नसावं. पण गोदामातून ०.४५ आधीच बाहेर निघाली होती, त्यामुळे उत्तर तयार होतं आणि त्याला आकडेवारी हवी होती, असंच मला वाटतं.

आणि खरी गंमत पुढे आहे. त्याच अहवालात असंही म्हटलंय, की मर्माच्या जागी लागली नाही तर शरीराच्या बऱ्याच भागात कुठलीही पिस्तुलाची गोळी माणसाला जागीच थांबवेल याचा भरवसा नाही, म्हणून सैनिकांकडून नेमबाजीचा सराव सतत करून घ्या. एवढ्या खटाटोपातलं हेच वाक्य मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. पण सराव कपाटात ठेवता येत नाही, पिस्तूल ठेवता येतं. १९११ साली ०.४५ चं कोल्ट पिस्तूल आलं आणि अहवालातला आकडा तेवढा अजरामर झाला.

इंग्रजांनी नेमकं दुसरं टोक धरलं. पहिल्या महायुद्धात त्यांच्याकडे ०.४५५ चं वेब्ली होतं. युद्धानंतर त्यांनी विचार केला, की घाईत शिकवलेल्या शिपायाला एवढं जड हत्यार सांभाळत नाही. १९३२ साली त्यांनी ०.३८ चं एनफील्ड रिव्हॉल्व्हर घेतलं, गोळी मात्र २०० ग्रेनची, जड आणि संथ. (आपल्या कानपूरच्या कारखान्याचं ०.३२ चं रिव्हॉल्व्हरही याच वेब्ली घराण्यातलं.) पुढे उघड्या शिशाची गोळी हेग कराराच्या विरुद्ध ठरेल या धास्तीने, दुसरं महायुद्ध तोंडावर असताना, ती बदलून १७८ ग्रेनची कवचवाली केली.

अमेरिकन लष्कराने ०.४५ सोडून ९ मिमीचं बेरेटा घ्यायचं ठरवलं १९८५ साली. त्याचं काडतूस ९ मिमी ल्यूगर, शिकागोला मागे पडलेल्यांपैकी एक. त्यावरून तिकडे जी भांडणं जुंपली, त्यात दोन्ही बाजू थॉम्पसन आणि ला गार्डचंच नाव घेत होत्या.