लमाणांचा तांडा आणि आपला लोहमार्ग

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या गाडीला पहिलें जें स्थानक लागतें, त्याचें नांव विठ्ठलवाडी. ज्यांना उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूर येथें जावयाचें असतें, त्यांच्या लेखीं हें केवळ मधलें एक थांबण्याचें ठिकाण होय. आम्ही येथेंच राहतों. त्यामुळें रुळांवरून रात्रंदिवस धांवणाऱ्या गाड्यांचा आवाज आमच्या इतका अंगवळणीं पडला आहे कीं, तो बंद पडला तरच आम्ही कान टवकारतों. हे रूळ पडण्यापूर्वीं या बाजूच्या वाटांवरून कोण चालत असे, हा प्रश्न आम्हांस पुष्कळ वर्षें पडला नव्हता. तो पडला एका दूरदेशच्या पत्रामुळें.

आमच्या आप्तांपैकीं एक कुटुंब ऑस्ट्रेलियांत स्थायिक झालें आहे. गेल्या सुट्टींत या मंडळींनीं मोटारीमागें एक चाकांचें घर जोडलें, त्यांत अंथरूण-पांघरूण, भांडींकुंडीं व मुलांचीं पुस्तकें भरलीं, आणि पोर्ट ऑगस्टा बंदरापासून ॲलिस स्प्रिंग्जपर्यंतची सुमारें बाराशें किलोमीटरांची वाट त्या उजाड प्रदेशांतून मजल दरमजल करीत आक्रमिली. रोज संध्याकाळीं अंगण नवें, पण चूल तीच, असें त्यांनीं लिहिलें होतें. पत्र घरांत मोठ्यानें वाचलें गेलें, तेव्हां वडील मंडळींपैकीं एकजण म्हणाले, "घर सोडून जाणें याला प्रवास म्हणतात, घर घेऊन जाणें हा कसला प्रवास? हें विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर! लमाणांचा तांडाच निघाला म्हणायचा!" सगळे हंसले, आम्हीहि हंसलों. पण मागाहून त्या हंसण्याचीच आम्हांस थोडी लाज वाटली. ज्या लोकांनीं शेंकडों वर्षें आपलें घर बैलांच्या पाठीवर घालून आपल्या पूर्वजांच्या घरीं मीठ व धान्य पोंचविलें, त्यांचें नांव आपल्या तोंडीं थट्टेपुरतेंच कां उरावें? या प्रश्नाचा माग काढतां काढतां जें हातीं लागलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

मोटारीमागें जोडलेल्या त्या घराला 'कॅरव्हॅन' म्हणतात. हा शब्द मूळ फारशी 'कारवान' या शब्दाचा अवतार असून, एकत्र मिळून चालणाऱ्या प्रवाशांचा जथा असा त्याचा अर्थ आहे. आपल्याकडे त्यालाच 'तांडा' हा शब्द रूढ आहे. आज तांडा म्हटला कीं गांवाबाहेरची लमाणांची वस्ती आपल्या डोळ्यांपुढें येते. पण मूळचा तांडा हा वसलेला नव्हे, चालणारा होता. हे लोक कोठें लमाण, कोठें लंबाडी, तर कोठें बंजारा या नांवांनीं ओळखले जातात. 'लमाण' हें नांव 'लवण' म्हणजे मीठ या शब्दावरून पडलें, असें पुष्कळ अभ्यासक मानतात. व्युत्पत्तीचा वाद बाजूस ठेवला, तरी मिठाशीं त्यांचा संबंध किती जुना व किती घनिष्ठ होता, हें त्या समजुतीवरून दिसून येतें.

असा तांडा प्रत्यक्ष पाहिलेल्या परदेशी प्रवाशांचीं वर्णनें उपलब्ध आहेत. पीटर मंडी नांवाच्या इंग्रज प्रवाशानें १६३२ सालीं उत्तर हिंदुस्थानांतील रस्त्यावर एक तांडा पाहिला. त्यांत धान्यानें लादलेले १४,००० बैल होते, आणि बायकामुलें धरून ६०० ते ७०० माणसें असावींत असा त्याचा अंदाज होता. पुढें त्यास २०,००० बैलांचा दुसरा एक तांडा भेटला. त्याच्यावर साखर लादलेली होती. हिशोब करून पाहतां पहिल्या तांड्यांत दर माणशीं वीस ते तेवीस बैल येतात. आणि या माणसांत कडेवर मूल घेतलेल्या बायका व बैलांमागें धांवणारीं पोरेंहि मोजलेलीं आहेत. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये यानेंहि त्याच शतकांत दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिले. अरुंद वाटेवर ते समोर आले म्हणजे सगळे पुढें जाईपर्यंत कधीं कधीं दोन-तीन दिवस खोळंबून राहावें लागे, अशी त्याची तक्रार आहे. या लोकांना घरें अशीं नाहींतच, ते बायकामुलांसह राहुट्यांत राहतात, हेंहि त्यानें नमूद करून ठेविलें आहे.

मंडीच्या सांगण्याप्रमाणें तांडा दिवसाकांठीं सहा-सात मैलांपलीकडे जात नसे. आजच्या माणसास ही चाल हास्यास्पद वाटेल. पण या मंद चालींतच त्या धंद्याचें सारें रहस्य होतें. बैल चालतां चालतां चरत, आणि जेथें चारा-पाणी असे तेथें मुक्काम पडे. वैरणीला पैसा पडत नसे, म्हणून जड आणि स्वस्त माल शेंकडों मैल नेणें परवडे. रेशीम किंवा केशर कोणीहि नेईल. पण मीठ व ज्वारी यांसारखा माल दूरवर न्यावयाचा, तर वाहतुकीचा खर्च जवळजवळ नाहींसा करावा लागतो. तो नाहींसा करण्याची एकच युक्ति होती, ती ही कीं, घरीं परत येण्याची घाईच असूं नये. आणि घाई नसावी, तर घरच बरोबर असावें! लमाणांच्या बायकामुलांचा प्रवास ही हौस नव्हती, किंवा केवळ रानटी रीतहि नव्हती. तो त्या व्यापाराचा पाया होता. बायका बैल लादीत, राहुट्या उभारीत व मोडीत, दळीत, रांधीत. फावल्या वेळांत कवड्या व आरसे लावून आपल्या कांचळ्या व फेटिये भरीत. त्या भरतकामाचे नमुने आज शहरांतल्या दुकानांत शोभेसाठीं विकले जातात. पावसाळ्यांत नद्यानाले भरले म्हणजे तांडा एखाद्या चांगल्या कुरणाशीं तळ देई, आणि पाऊस उघडला कीं पुन्हां 'लदेणी' सुरू होई.

वऱ्हाड व मध्य प्रांत या बाजूच्या जुन्या वर्णनांत 'हटादिया' नांवाच्या बैलाची हकीकत येते. हा बैल देवाला वाहिलेला असे. त्याच्यावर कधींहि ओझें घालीत नसत. त्याला लाल वस्त्रानें, कवड्यांनीं व पितळी दागिन्यांनीं मढवीत. तो आपल्या मनानें चाले, आणि दिवस कलतां तो जेथें बसे तेथें तांड्याचा मुक्काम पडे. घरांत कोणी आजारी पडलें, तर याच बैलाच्या पायांवर डोकें ठेवीत. आपल्या घराचा मुक्काम एका मुक्या जनावराच्या विश्रांतीवर सोंपविणारी ही माणसें जनावराला किती ओळखीत असतील, याचा वाचकांनींच विचार करावा.

आतां आमच्या या टापूकडे वळूं. कल्याण हें फार प्राचीन बंदर. तेथून घाटावर जाणाऱ्या वाटांपैकीं नाणेघाटाची वाट सातवाहनांच्या काळापासून चालू होती; त्या घाटांतील नागनिकेचा शिलालेख प्रसिद्धच आहे. विठ्ठलवाडीहून थोड्याच अंतरावर वालधुनीच्या कांठीं अंबरनाथाचें शिवालय उभें आहे. त्यावरील लेखांत शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा काल आहे. एवढा पुरातन व्यवहार ज्या प्रदेशांत चालला, त्या प्रदेशाच्या घाटवाटा मात्र गाडीच्या चाकाला अनुकूल नव्हत्या. नाणेघाटाच्या पायऱ्यांवरून गाडी जात नाहीं. ओझ्याचा बैल मात्र जातो. पाठीच्या दोहों बाजूंस गोणी लोंबत आहेत, असे बैल कोंकणांतल्या मिठागरांचें मीठ घेऊन घाट चढत, आणि देशावरचें धान्य घेऊन उतरत. लढायांतहि तांड्यावांचून कोणाचें चालत नसे. १८०३ सालीं अहमदनगर व असईच्या मोहिमेंत जनरल वेलस्ली याच्या सैन्याच्या पोटाची चिंता पुष्कळ अंशीं या लोकांवरच होती. राज्यें कोणाचींहि असोत, धान्य वाहणाऱ्यास दुखवूं नये एवढा शहाणपणा सर्वांस होता.

हा क्रम मोडला तो दोन पायऱ्यांनीं. १८३० सालीं मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम यानें बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला, आणि बैलाच्या पाठीवरचें ओझें चाकांवर जाऊं लागलें. मग लोहमार्ग आला. १८५३ सालीं तो मुंबईहून ठाण्यास, १८५४ सालीं कल्याणास पोंचला, आणि १८५६ सालीं कल्याणहून आमच्या या गांवावरून पुढें घाटाच्या पायथ्याशीं खोपोलीपर्यंत गेला. १८६३ सालीं आगगाडी बोरघाट चढली, १८६५ सालीं थळघाट चढून इगतपुरीस गेली. ज्या दिवशीं मालाच्या डब्यांत मीठ भरून तें घाटावर गेलें, त्या दिवशीं सहा मैलांच्या मजलीचा हिशोब संपला. लोहमार्गास आम्ही दोष देत नाहीं. त्याच्यावांचून आमचें एक दिवसहि चालावयाचें नाहीं. परंतु आमच्या दारांतील हे रूळ ज्यांच्या वाटेवर पडले, त्यांची साधी आठवणहि आपण ठेवूं नये, हें मात्र बरें नव्हे.

गंमत अशी कीं, आमच्या आप्तांनीं ज्या वाटेनें प्रवास केला, तिचाहि इतिहास असाच आहे. ऑस्ट्रेलियाच्या ओसाड मध्यभागांत १८६० नंतर माल वाहिला तो उंटांनीं. आणि कित्येक उंट व उंटवाले कराची बंदरांतून पोर्ट ऑगस्टास गेले. ज्या सिंधचें तें बंदर, तो प्रांत त्या वेळीं आपल्या मुंबई इलाख्याचाच भाग होता. हे उंटवाले सिंध, बलुचिस्तान, पंजाब, अफगाणिस्तान अशा निरनिराळ्या ठिकाणचे. पण त्या देशांत सर्वांस 'अफगाण' हें एकच नांव मिळालें. बहुतेकांचीं बायकामुलें मागें मायदेशींच राहिलीं. त्यांचा तांडा घरावांचूनचा होता. १९२९ सालीं आगगाडी ॲलिस स्प्रिंग्जला पोंचली, मोटारी आल्या, आणि उंटांचें काम सरलें. त्या आगगाडीला 'घान' हें नांव मात्र त्या 'अफगाणां'वरूनच पडलें असें म्हणतात. आपल्या एखाद्या गाडीला लमाणांचें नांव कोणी दिल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. त्याच सिंधमधून १९४७ नंतर घरें टाकून आलेलीं कुटुंबें कल्याणच्या लष्करी छावणींत उतरलीं. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें, आणि आज तीं आमचीं शेजारी आहेत. घर मागें राहणें म्हणजे काय, हें त्यांना विचारावें.

तांड्याचा धंदा बुडाला, यापेक्षां त्यानंतर जें झालें तें अधिक दुःखद आहे. ज्याला कांहीं वाहून न्यावयाचें आहे तो प्रवासी. ज्याचें ओझें काढून घेतलें, पण चालणें सुटलें नाहीं, तो संशयित! १८७१ सालीं सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढें त्याची व्याप्ति वाढविली, आणि बंजाऱ्यांतील निरनिराळ्या गटांचीं नांवें ठिकठिकाणीं त्या यादींत आलीं. ज्या पायांनीं दुष्काळांत धान्य पोंचविलें, त्या पायांना पोलिसांत हजेरी देणें भाग पडलें. हा कायदा १९५२ सालीं रद्द झाला. पण यादींचा खेळ संपला नाहीं. आज महाराष्ट्रांत हे लोक विमुक्त जातींत, कर्नाटकांत अनुसूचित जातींत, आणि तेलंगणांत अनुसूचित जमातींत मोडतात. ज्यांच्या वाटेनें सीमा कधीं मानल्या नाहींत, त्यांचें एकच कुळ तीन राज्यांत तीन सदरांखालीं लिहिलें जातें!

या समाजानें हातपाय गाळले असेंहि नाहीं. पुसद तालुक्यांतील गहुली गांवचे वसंतराव नाईक हे बंजारा समाजांतलेच; ते १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. परंतु एकाच्या उत्कर्षानें सर्वांची वाट सरळ होत नाहीं. दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यांतील तांड्यांमधून व इतर गांवांमधून हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत गोधड्या, भांडीं, सरपण, शेळी, कोंबड्या, आणि त्या सर्वांच्या वर बसलेलीं मुलें. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठीं नवराबायको मिळून 'एक कोयता' मोजले जातात; फडाजवळ कोपी उभी राहते, आणि उन्हाळ्यापर्यंत तेंच घर. मंडीनें साखरेनें लादलेला तांडा पाहिला होता. आजचा तांडाहि साखरेसाठींच चालतो. फरक इतकाच कीं, तेव्हां बैल लमाणांचे होते व मुक्काम हटादियाच्या मर्जीचा होता; आतां मुक्काम कारखाना ठरवितो, आणि मुलांची शाळा मागें राहते.

२०२१ सालीं महाराष्ट्र सरकारनें 'कॅरव्हॅन पर्यटना'चें धोरण मंजूर केलें. आमचें त्याबद्दल वांकडें मत नाहीं. चाकांच्या घरांतून आपलीं कुटुंबें सह्याद्रि पाहोत, मुलांना आकाशाखालीं निजण्याचा आनंद मिळो. पण तोच प्रवास एकानें हौसेनें केला म्हणजे पर्यटन, आणि दुसऱ्यानें पोटासाठीं केला म्हणजे भटकेपणा, हा भेद कोणत्या न्यायानें करावयाचा?

ऑस्ट्रेलियाच्या पत्राला आम्हीं उत्तर लिहिलें, त्यांत ही सर्व हकीकत घातली. तें पाठविण्यापूर्वीं घरांत वाचून दाखविलें. थट्टा करणारे वडील या खेपेस हंसले नाहींत. जेवणाचीं पानें मांडलीं होतीं. आपल्या रीतीप्रमाणें प्रत्येक पानांत आधीं मीठ वाढलें गेलें होतें. ते त्याकडे पाहत म्हणाले, "हें घाट कसें चढत असे, याचा कधीं विचारच केला नाहीं." आम्हीहि केला नव्हता. बाहेरून कर्जतची गाडी गेली, आणि आम्ही जेवावयास बसलों.