हाडांवर लिहिलेले श्रम : 'मेरी रोझ'पासून न्यूयॉर्कपर्यंत

१/ १९ जुलै १५४५. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या सोलेंट सामुद्रधुनीत फ्रेंच आरमाराशी सामना सुरू असताना राजा आठवा हेन्री याचे 'मेरी रोझ' हे युद्धनौकांमधील नामांकित जहाज बुडाले. जहाजावरील सेनानी सर जॉर्ज कॅर्यू याचे नाव दप्तरी नोंदलेले आहे. त्याच्यासोबत बुडालेल्या शेकडो खलाशांपैकी आणि सैनिकांपैकी बहुतेकांची नावे मात्र कोणालाच ठाऊक नाहीत.

२/ तरीही यांपैकी काही जण आयुष्यभर कोणते काम करीत होते, याचा अंदाज आज बांधता येतो. तो बांधता येतो त्यांच्या हाडांवरून. हाड श्रमांनुसार घडते हे माणसाला कसे उमगले आणि त्या ज्ञानाने निनावी माणसांचा इतिहास कसा उजेडात आला, याविषयी आजचा थ्रेड.

३/ आधी हाडाची घडण पाहू. हाडात मुख्यतः दोन द्रव्ये असतात : कोलॅजेन या प्रथिनाचे चिवट तंतू आणि कॅल्शियम-फॉस्फेटचे कठीण स्फटिक. हाड बरेच दिवस आम्लात ठेवले, तर क्षार विरघळून ते रबरासारखे वाकते. जाळले, तर तंतू नष्ट होऊन ते खडूसारखे ठिसूळ होते. चिवटपणा आणि काठिण्य एकत्र आल्यामुळेच हाड भार सोसते.

४/ हाडाकडे बलशास्त्राच्या दृष्टीने पाहणाऱ्या पहिल्या विचारवंतांत गॅलिलिओ येतो. फ्लॉरेन्सजवळ नजरकैदेत असताना त्याने लिहिलेला शेवटचा ग्रंथ १६३८ मध्ये हॉलंडमधील लायडन येथे छापला गेला. त्यात दोन हाडांचे एक चित्र आहे. मोठ्या हाडाची लांबी लहान हाडाच्या तिप्पट, परंतु जाडी त्याहून कितीतरी अधिक.

५/ कारण सरळ आहे. प्राण्याचा आकार सर्व बाजूंनी दुप्पट झाला, तर वजन आठपट होते, पण हाडाच्या छेदाचे क्षेत्रफळ केवळ चौपट. म्हणून अवाढव्य प्राण्याला लहान प्राण्याच्याच प्रमाणातली हाडे पुरणार नाहीत. हाडाचा आकार आणि त्यावरचा भार यांचे नाते असे प्रथमच गणिताच्या भाषेत मांडले गेले.

६/ पुढचा टप्पा १८६६ चा, स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरातला. शरीररचनाशास्त्रज्ञ हेर्मान फोन मायर मांडीच्या हाडाचा उभा छेद दाखवीत होते. या हाडाच्या वरच्या टोकाला आत बारीक अस्थिपट्ट्यांची जाळी असते. श्रोत्यांत पूल आणि क्रेन यांचे गणित मांडणारे अभियंते कार्ल कुलमान होते. क्रेनच्या वाकलेल्या भुजेतून ताण आणि दाब ज्या रेषांनी वाहतात, जवळजवळ त्याच रेषांवर या अस्थिपट्ट्या रचलेल्या आहेत, हे त्यांच्या ध्यानी आले.

७/ हा धागा बर्लिनचे शल्यचिकित्सक युलिउस वोल्फ यांनी पुढे नेला. वाकड्या जुळलेल्या हाडांतही कालांतराने आतली जाळी नव्या भारानुसार पुन्हा रचली जाते, असे त्यांना दिसले. १८९२ च्या ग्रंथात त्यांनी त्याचा नियम मांडला. त्यांचे काटेकोर गणित पुढे टिकले नाही, पण भार बदलला की हाडही बदलते, हे मूळ सूत्र टिकले.

८/ हे घडते कसे? हाड जिवंत असते. अस्थिभंजक पेशी जुने हाड पोखरून काढतात आणि अस्थिजनक पेशी तेथे नवे हाड भरतात. हाडाच्या आत अडकून राहिलेल्या पेशी सूक्ष्म नलिकांनी एकमेकींशी जोडलेल्या असतात. हाड किंचित वाकले, की या नलिकांतील द्रव हलतो आणि पेशींना भाराची वर्दी मिळते. जेथे भार वाढतो तेथे भर पडते, जेथे तो नाहीसा होतो तेथे झीज होते.

९/ याची दोन उदाहरणे आपल्याच काळातली. लहानपणापासून टेनिस खेळणाऱ्यांच्या खेळत्या हाताचे दंडाचे हाड दुसऱ्या हातापेक्षा लक्षणीय जाड असते. उलट, भाररहित अवस्थेत राहणारे अंतराळवीर कमरेच्या सांध्याजवळच्या हाडाची घनता दर महिन्याला सुमारे १ ते १.५ टक्क्यांनी गमावतात. वाढीच्या वयात पडलेला ठसा सर्वांत खोल उमटतो, हे येथे लक्षात ठेवावे.

१०/ आता पुन्हा 'मेरी रोझ'कडे. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी या जहाजाचा सांगाडा समुद्रतळावरून वर काढण्यात आला. दीडशेहून अधिक धनुष्ये, हजारो बाण आणि किमान १७९ माणसांचे अवशेष मिळाले. यांतली बरीच धनुष्ये ओढण्यास १०० पौंडांहून अधिक जोर लागत असावा. तत्कालीन कायद्यानुसार मुलांनाही सातव्या वर्षापासून धनुर्विद्येचा सराव करावा लागे.

११/ अस्थितज्ज्ञ अ‍ॅन स्टर्लंड यांना या सांगाड्यांत एक गोष्ट खटकली. खांद्याच्या पात्याचे वरचे टोक वेगळ्या तुकड्यातून वाढते आणि साधारणपणे विशीच्या सुरुवातीपर्यंत उरलेल्या हाडाशी सांधले जाते. येथे मात्र ते न सांधलेल्या खांद्यांचे प्रमाण नेहमीपेक्षा बरेच अधिक होते. कोवळ्या वयापासून जड धनुष्य ओढल्याने हा सांधा जुळलाच नसावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. निनावी धनुर्धर अशा रीतीने इतिहासात परतले.

१२/ हाडांनी स्त्रियांच्या श्रमांचीही साक्ष दिली आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मध्य युरोपातील सुमारे ७,००० वर्षांपूर्वीच्या शेतकरी स्त्रियांची तुलना केंब्रिजच्या महिला नौकावल्हेपटूंशी केली गेली. शरीराच्या मानाने त्या प्राचीन स्त्रियांच्या दंडाची हाडे ११ ते १६ टक्के अधिक बळकट निघाली. जमिनीची मशागत, कापणी आणि दगडावर तासन्‌तास धान्य भरडणे यांचा हा परिणाम असावा. ते दगड आपल्या पाटा-वरवंट्याच्या जातकुळीचे. घरकाम म्हणून इतिहासाने वगळलेले कष्ट दंडाच्या हाडात मात्र टिकून राहिले.

१३/ येथे सावधगिरी हवी. स्नायू जेथे हाडाला चिकटतात तेथील खुणा वय, शरीराचा बांधा आणि आनुवंशिकता यांमुळेही ठळक होतात. धनुर्धरांच्या खांद्याबाबतही आनुवंशिकतेची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही. म्हणून एका हाडावरून एका माणसाचा व्यवसाय ठरवू नये. अनेक सांगाडे, हाडांच्या छेदांचे मोजमाप, सापडलेली अवजारे आणि उपलब्ध कागदपत्रे यांची सांगड घालूनच विधान करावे.

१४/ अशी सांगड घातली गेली न्यूयॉर्कमध्ये. १९९१ मध्ये मॅनहॅटनच्या दक्षिण भागात सरकारी कार्यालयासाठी खोदकाम सुरू असताना आफ्रिकी लोकांचे अठराव्या शतकातील दफनस्थान उघडे पडले. ४०० हून अधिक दफने सापडली. अवशेषांची हेळसांड होत असल्याचे पाहून शहरातील कृष्णवर्णीय नागरिकांनी तीव्र आंदोलन केले. त्यानंतर हा अभ्यास हॉवर्ड विद्यापीठातील मायकेल ब्लेकी यांच्या नेतृत्वाखालील गटाकडे गेला.

१५/ त्या सांगाड्यांत काय दिसले? अतिभाराने फाटलेल्या स्नायूंच्या खुणा आणि मानेच्या व पाठीच्या मणक्यांची झीज. ही झीज तरुणांत होती, तशीच स्त्रियांतही होती. लहान मुलांची दफने तर मोठ्या संख्येने होती. हाड भारानुसार स्वतःला बळकट करते, पण त्यालाही विसावा आणि पुरेसे अन्न लागते. ते न मिळता भार वाढतच गेला, तर हाड झिजते, मोडते. गुलामगिरी म्हणजे केवळ दक्षिणेकडील कापसाचे मळे, अशी समजूत बाळगणाऱ्यांना या हाडांनी न्यूयॉर्कच्या पायाखालचे वास्तव दाखवले.

१६/ ऑक्टोबर २००३ मध्ये हे अवशेष सन्मानपूर्वक पुन्हा दफन करण्यात आले आणि २००६ मध्ये ती जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाली. या लोकांच्या मालकांची नावे मृत्युपत्रांत आणि खरेदीखतांत आधीपासूनच सुरक्षित होती. ज्यांनी ओझी वाहिली, त्यांच्यासाठी मात्र त्यांचे मणके हाच दस्तऐवज ठरला.

१७/ म्हणून पुढच्या वेळी एखाद्या संग्रहालयात सांगाडा दिसला, तर तो कोणत्या शतकातला एवढेच पाहून पुढे जाऊ नका. दोन्ही दंड सारख्याच जाडीचे आहेत का, मणके किती झिजले आहेत, हेही पाहा. नाव कळणार नाही, पण त्या माणसाच्या आयुष्यातील कष्टांची थोडी ओळख नक्की होईल. थ्रेड समाप्त.