परतीचं तिकीट आणि परतीची हमी



आजचा विषय विमानतळावरच्या काउंटरवरचा आहे. अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन, रोहा, उरण, आपल्या या किनारपट्टीतून आता बरीच मुलं-मुली शिकायला परदेशी जातात. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, मधली सुट्टी कधी मिळेल ते ठाऊक नाही, डोक्यावर शैक्षणिक कर्ज. म्हणून तिकीट एकेरी काढतात. त्यात गैर काही नाही. पण बोर्डिंग पास देण्याआधी काउंटरवरचा कर्मचारी विचारतो, ‘परतीचं तिकीट कुठाय? किंवा तिथून पुढे जाण्याचं?’ मुलगा गोंधळतो. त्याला वाटतं, आपल्यावर संशय घेतला.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे मला इथे आधी ‘पुरावा’ हा शब्दच खटकतो. पुरावा घडून गेलेल्या गोष्टीचा असतो. धूर दिसला की अग्नीचं अनुमान करता येतं, हे आपले नैयायिक सांगून गेले. पण दोन वर्षांनी मी परत निघेन याचा धूर आज कुठून दाखवायचा? भविष्यातल्या इच्छेचा पुरावा नसतो. तिच्याबद्दल फार तर हमी देता येते. आणि हमीचा इतिहास काढला की एक गोष्ट लक्षात येते. परदेशी निघालेल्याला ‘परत येणार का’ हे प्रत्येक काळात कुणी ना कुणी विचारलंच आहे. विचारणारा बदलत गेला, एवढंच. विचारणारा कोण हे कळलं, की तो का विचारतो तेही कळतं.

सुरुवात अलिबागपासूनच करू. आनंदीबाई जोशी आपल्याला कल्याणच्या म्हणून माहीत आहेत. पण त्यांचे यजमान गोपाळराव टपाल खात्यात होते आणि लग्नानंतर काही काळ त्यांची बदली अलिबागला होती. पुढे बदल्या होत होत हे जोडपं बंगालमध्ये श्रीरामपूरला पोचलं. तिथल्या कॉलेजात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण केलं. लोक आपल्याला काय काय विचारतात ते त्यांनी एकेक करून मांडलं आणि प्रत्येकाला उत्तर दिलं. अमेरिकेलाच का? एकटीनेच का? तिथे काही संकट ओढवलं तर? आणि परत आल्यावर जात वाळीत टाकणार नाही का?

आता बघा, आजचा व्हिसा अधिकारी यापेक्षा वेगळं काय विचारतो? हाच अभ्यासक्रम का, हाच देश का, पैसे संपले तर काय, परत येणार का. फरक एवढाच, की १८८३ साली हे प्रश्न जातीने आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी विचारले. सरकारने विचारले नाहीत. तेव्हा पासपोर्ट लागत नव्हता, व्हिसा हा प्रकार नव्हता. आनंदीबाईंकडे होती ती न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंची पत्रं आणि स्वतःचा शब्द. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असा त्या शब्दाचा आशय होता. म्हणजे त्यांनी परतीची हमी दिली, ती समाजाला.

ती त्यांनी पाळली. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या वूमन्स मेडिकल कॉलेजची पदवी घेतली, कोल्हापूरच्या दवाखान्यातली नेमणूक स्वीकारली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईला उतरल्या. येताना क्षय घेऊन आल्या होत्या. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात गेल्या, वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांच्या अस्थी पुढे न्यूयॉर्क राज्यात पकीप्सी इथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या.

आता मुख्य धागा. आनंदीबाई निघाल्या त्याच्या आदल्याच वर्षी, १८८२मध्ये, अमेरिकेने परदेशी उतारूंसाठी कायदा केला होता. गुन्हेगार, वेडे आणि स्वतःचं पोट भरू न शकणारे, म्हणजे सरकारवर भार पडेल असे लोक उतरवून घ्यायचे नाहीत. मग त्यांना परत न्यायचं कुणी? उत्तर होतं, ज्याच्या जहाजातून ते आले त्या जहाजाच्या मालकाने, स्वतःच्या खर्चाने. १८९१च्या कायद्याने ही जबाबदारी आणखी पक्की केली. परिणाम काय झाला? जहाज कंपन्या युरोपच्या बंदरातच उतारूंना तपासायला लागल्या. सरहद्द अमेरिकेची, पण तिचा पहारेकरी हजारो मैल अलीकडे, तिकीटघरात उभा राहिला.

आज काउंटरवर जो प्रश्न येतो त्याचं मूळ इथे आहे. विमानं आली तेव्हा तोच नियम विमान कंपन्यांना लागला. १९४४च्या शिकागो करारावर आधारलेल्या नियमांत प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला परत नेण्याची जबाबदारी विमान कंपनीवर आहे. शिवाय अनेक देश दंडही करतात. ब्रिटनने १९८७ साली तसा कायदा केला. आपल्याकडे २००० सालच्या कायद्यात वैध कागदपत्रं नसलेला प्रवासी भारतात आणला तर कंपनीला एक लाख रुपये दंड होता. २०२५च्या नव्या कायद्याने तो जुना कायदा रद्द झाला, पण वाहतूकदाराची जबाबदारी कायम आहे. तेव्हा काउंटरवरची ती मुलगी तुमची सचोटी तपासत नसते. उद्या तुम्हाला परत पाठवलं तर भाडं कुणी भरायचं, या हिशेबाची खात्री ती करून घेत असते.

मग पासपोर्ट कधी आला? इथे आपल्या रायगडचं दुसरं नाव घेतो, चिंतामणराव देशमुख. जन्म १८९६, महाडजवळच्या नाते गावी. बालपण रोह्याशी जोडलेलं. १९१५ साली ते केंब्रिजला शिकायला गेले. १९१७मध्ये, महायुद्ध चालू असताना, सरकारने पासपोर्टचे नियम आणले. युद्ध संपलं, नियम राहिले. १९२०मध्ये पासपोर्टचा कायदाच झाला, आणि त्याच वर्षी देशमुख आय. सी. एस. होऊन सेवेत दाखल झाले. एका विद्यार्थ्याच्या शिक्षणकाळात जग कागदपत्रांचं होऊन गेलं.

गंमत पुढे आहे. हेच देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, आणि त्यांच्याच कारकिर्दीत १९४७चा परकीय चलन नियमन कायदा आला. त्या व्यवस्थेतून पुढे आला तो ‘पी फॉर्म’. माझ्या वयाच्या मंडळींना आठवत असेल. रिझर्व्ह बँकेची मंजुरी असल्याशिवाय परदेशाचं तिकीटच मिळत नसे. आठ डॉलर खिशात घेऊन अमेरिकेला गेल्याच्या गोष्टी त्या पिढीकडून आपण ऐकल्यात. शिवाय पासपोर्ट देताना परतीच्या खर्चाची हमी घेतली जाई. आपला माणूस तिकडे निराधार झाला, तर त्याला आणण्याचा खर्च सरकारवर पडू नये म्हणून. आता विचारणारं होतं आपलंच सरकार.

१९६७ साली सतवंत सिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाण्याचा हक्क व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. त्याच वर्षी पासपोर्टचा नवा कायदा झाला. तोवर पासपोर्ट देणं न देणं ही सरकारची मर्जी होती.

पण हमीच्या या इतिहासात सगळे सारखे नव्हते, हेही सांगायला हवं. रत्नागिरी आणि जंजिरा मुलखातले कोकणी मुसलमान कामधंद्यासाठी दक्षिण आफ्रिकेत, केपटाउनला गेले. १९०६च्या तिथल्या कायद्यानंतर त्यांना गावी यायचं तर मुदतीचा परवाना घ्यावा लागे. आईच्या आजारपणात मुदत टळली, तर आफ्रिकेचं दार बंद. तिथे उलटा प्रश्न होता, गावाहून वेळेत परत येशील का? पुढे मुरुड, म्हसळा, श्रीवर्धनची माणसं आखातात जाऊ लागली, तेव्हा १९८३चा उत्प्रवास कायदा आला. कमी शिकलेल्याच्या पासपोर्टवर तपासणी आवश्यक असल्याचा शेरा, शिकलेल्याला सूट. तपासणीचं कारण फसवणुकीपासून संरक्षण हेच होतं, तरी दोन प्रकारचे प्रवासी तयार झाले ते झालेच. ज्याच्याकडे पदवी, बँकेत शिल्लक, नावावर घर, त्याचा शब्द लवकर खरा ठरतो. बाकीच्याला शब्दाच्या जागी कागद जोडावा लागतो. अमेरिकेचा १९५२चा कायदा तर विद्यार्थ्याला कायमचा राहायला आलेला मानूनच सुरुवात करतो. तसं नाही, हे विद्यार्थ्याने दाखवून द्यायचं.

मग मुलांनी काय करावं? तीन गोष्टी. एक, परतीच्या तिकिटाचा नियम बहुधा पर्यटकांसाठी असतो. विद्यार्थी व्हिसा असेल तर सहसा व्हिसा आणि प्रवेशपत्र पुरतं. पण ‘सहसा’ या शब्दावर विसंबू नका. त्या देशाचा आणि वाटेत जिथे विमान बदलायचं त्या देशाचाही नियम वाचा, विमान कंपनीला ई-मेलने विचारा आणि ते उत्तर छापून जवळ ठेवा. दोन, व्हिसा, प्रवेशपत्र, फी भरल्याची पावती, कर्जमंजुरीचं पत्र हातातल्या बॅगेत असू द्या. सामानात गेलेला कागद काउंटरवर उपयोगाचा नाही. तीन, गरज पडलीच तर पैसे परत मिळणारं किंवा तारीख बदलता येणारं तिकीट घ्या. बनावट आरक्षणाचा कागद विकणारे असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. खोटा कागद पकडला गेला तर पुढच्या प्रत्येक खऱ्या कागदावर त्याची सावली पडते.

आणि पालकांना एक सांगतो. मुलगी परत येईल का, हा प्रश्न तुमच्याही मनात असतो. तिकिटाने त्याचं उत्तर मिळत नाही. दुहेरी तिकीट काढून गेलेले तिकडे राहिले आहेत, आणि एकेरी गेलेले परत आले आहेत. कंपनीला भाड्याची हमी पुरते, सरकारला कागदाची. आनंदीबाई शब्दावर गेल्या, शब्दावर आल्या. तो शब्द मागण्याचा अधिकार जातीला होता का, हा प्रश्न मात्र मी तुमच्यावर सोडतो. आपल्या घरात आज तो कोण मागतंय, तेही पाहा.