अवजारांचे दप्तर

बाणावली येथे व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी २००९ साली खुले केलेले ‘गोवा चित्र’ हे ग्रामजीवनाचे संग्रहालय आम्ही सहकुटुंब पाहिले. सेंद्रिय शेतीच्या सान्निध्यातील ही वास्तू पाडलेल्या जुन्या घरांच्या लाकूडसामानातून उभी राहिली आहे. आत शेतीची अवजारे, गाड्या, भांडीकुंडी अशा ४,००० हून अधिक वस्तू आहेत.

सरकारी दप्तरात शेताची चतुःसीमा, सारा आणि कूळ यांची नोंद असते. नांगर कोणी घडविला, हे नसते. पोर्तुगिजांनी १५२६ च्या ‘फोराल’मध्ये गावकरीचे रिवाज लिहून घेतले, तेही प्रामुख्याने साऱ्याच्या दृष्टीने. खाजणाच्या बांधातील मानशीची दारे भरतीला आपोआप मिटतात व ओहोटीला उघडतात. ती घडविण्याचे ज्ञान मात्र सुतार व शेतकऱ्यांच्या हातीच राहिले. त्या हातांची साक्ष आता अवजारेच देतात.

पायली म्हणजे काय, हे आमच्या नातवंडांना समजावून सांगावे लागले. आपल्या जुन्या वाड्यांच्या माळ्यांवरही अशी मापे, जाती, पाटे पडून असतील. ती मोडीत देण्यापूर्वी प्रत्येकाचे नाव, उपयोग व मूळ गाव घरातील वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्यावे, अशी सभासदांस विनंती आहे.