भारतातील औषधिरसायनशास्त्रीय संशोधन
रोगनिवारणास उपयुक्त अशी संयुगे नैसर्गिक पदार्थांतून अलग करणे, प्रयोगशाळेत त्यांचे संश्लेषण करणे, त्यांची संरचना व शरीरावरील क्रिया यांतील संबंध शोधणे आणि ती वाजवी खर्चात तयार करण्याच्या पद्धती ठरविणे, या सर्व कार्याचा औषधिरसायनशास्त्रीय संशोधनात समावेश होतो. या संशोधनाची दोन अंगे आहेत : नव्या औषधाचा शोध आणि ज्ञात औषधाच्या निर्मितीसाठी नवी प्रक्रिया. विकसनशील देशांत ही दोन्ही अंगे सारख्या प्रमाणात क्वचितच वाढतात. भारतातील या संशोधनाचा इतिहास हा मुख्यतः या दोन अंगांमधील बदलत्या समतोलाचा इतिहास आहे.

प्रारंभीचे कार्य : प्रफुल्लचंद्र राय (१८६१–१९४४) यांनी कलकत्त्यात सुरू केलेल्या बेंगॉल केमिकल या उद्योगाचे १९०१ मध्ये मर्यादित कंपनीत रूपांतर झाले. भारतीय भांडवल व भारतीय रसायनशास्त्रज्ञ यांच्या बळावर औषधे तयार करण्याचा हा पहिला महत्त्वाचा प्रयत्न होय. पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) औषधांच्या आयातीत अडथळे आल्यामुळे अशा उद्योगाची निकड प्रकर्षाने जाणवली.

नव्या औषधाच्या शोधाचे ठळक उदाहरण उपेंद्रनाथ ब्रह्मचारी (१८७३–१९४६) यांचे आहे. काळा आजार हा परजीवीजन्य रोग त्या काळी बंगाल व आसाम या प्रदेशांत थैमान घालीत होता आणि उपचाराअभावी बहुतेक रुग्ण दगावत. ब्रह्मचारी यांनी कलकत्त्याच्या कँबेल रुग्णालयातील एका लहानशा खोलीत, जेथे वीज वा नळाचे पाणीही नव्हते, यूरिया स्टिबामीन हे अँटिमनीयुक्त संयुग १९२० च्या सुमारास तयार केले. त्याच्या वापराने या रोगातील मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने घटले.

सर्पगंधेचा इतिहास मात्र वेगळा आहे. सलीमुझ्झमान सिद्दिकी (१८९७–१९९४) यांनी दिल्ली येथे या वनस्पतीच्या मुळांतून अजमलीन व इतर अल्कलॉइडे अलग करून १९३१ मध्ये त्यांची माहिती प्रसिद्ध केली. त्याच वर्षी गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा रक्तदाबावरील परिणाम नोंदविला. रामनाथ चोप्रा (१८८२–१९७३) यांच्या नेतृत्वाखाली कलकत्त्याच्या उष्ण कटिबंधीय वैद्यक संस्थेत देशी औषधींचे पद्धतशीर परीक्षण चालू होते. मुंबईचे हृद्रोगतज्ञ रुस्तम जाल वकील (१९११–७४) यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपले अनुभव १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केल्यावर सर्पगंधेकडे जगाचे लक्ष वेधले. तथापि तिच्यातील प्रमुख कार्यकारी घटक रेसर्पीन हा १९५२ मध्ये अलग करण्यात आला तो स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या बाझेल येथील प्रयोगशाळेत. वनस्पती भारतीय, पारंपरिक ज्ञान भारतीय व वैद्यकीय पुरावाही भारतीय असूनही औषध परदेशी ठरले. रसायनशास्त्रज्ञ, औषधिक्रियावैज्ञानिक व वैद्य हे भारतात निरनिराळ्या ठिकाणी परस्परांपासून अलग राहून काम करीत होते, तर बाझेल येथे ते एकाच छपराखाली होते. हा फरक निर्णायक ठरला.

संस्थांची उभारणी : मुंबईतील हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये साहेबसिंग सोखी (१८८७–१९७१) यांच्या संचालकत्वाखाली लशींबरोबरच सल्फा औषधांवर काम झाले व प्लेगवरील उपचारात त्यांची उपयुक्तता तपासण्यात आली. स्वातंत्र्यानंतर लखनौ येथे सेंट्रल ड्रग रिसर्च इन्स्टिट्यूट ही संस्था १९५१ मध्ये स्थापन झाली. रसायनशास्त्रापासून चिकित्सीय चाचणीपर्यंतच्या सर्व शाखा एकत्र आणणे हा तिचा हेतू होता. पुण्याजवळ पिंपरी येथे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्तान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला आणि पुढील वर्षी तेथे पेनिसिलिनाचे उत्पादन सुरू झाले. या कारखान्याच्या संशोधन विभागात एम्. जे. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनी हॅमायसीन हे कवकनाशक प्रतिजैव १९६१ च्या सुमारास शोधून काढले. ते निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजंतूला पिंपरीवरून ‘स्ट्रेप्टोमायसीज पिंप्रिना’ हे नाव मिळाले. वनस्पतिरोगांवर उपयोगी पडणारे ऑरिओफंगीन हेही येथीलच होय. सिबा कंपनीने गोरेगाव येथे (१९६३) व हेक्स्ट कंपनीने मुलुंड येथे (१९७२) संशोधन केंद्रे काढली. गोरेगावच्या केंद्राचे संचालक टी. आर्. गोविंदाचारी (१९१५–२००१) हे नैसर्गिक पदार्थांच्या रसायनशास्त्रातील नामवंत संशोधक होते.

एकस्व कायदा व त्याचे परिणाम : इतक्या प्रयत्नांनंतरही औषधे सामान्य माणसाच्या आटोक्याबाहेर राहिली. अमेरिकेच्या सिनेटमधील केफॉव्हर समितीने १९६० च्या सुमारास भारतातील औषधांच्या किंमती जगातील सर्वांत चढ्या किंमतींत मोडतात असे नमूद केले. १९११ च्या कायद्यानुसार औषधी संयुगावरही एकस्व मिळे व ती बहुतांशी परदेशी कंपन्यांच्या हाती होती. राजगोपाल अय्यंगार समितीच्या १९५९ मधील अहवालावर आधारलेला नवा कायदा १९७० मध्ये संमत झाला व १९७२ मध्ये अंमलात आला. त्याने औषधाच्या बाबतीत उत्पादनावरील एकस्व रद्द करून केवळ निर्मितिप्रक्रियेवरील एकस्व ठेवले. त्याची मुदत अर्जापासून ७ वर्षे किंवा मुद्रांकित झाल्यापासून ५ वर्षे, यांपैकी जी कमी ती, अशी ठरविण्यात आली.

याचा परिणाम दुहेरी झाला. वेगळ्या मार्गाने तेच संयुग तयार करणे कायदेशीर ठरल्याने प्रक्रियांच्या संशोधनाला मोठी चालना मिळाली. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व हैदराबादची भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था येथील ए. व्ही. रामाराव प्रभृती शास्त्रज्ञांनी कर्करोगावरील विनब्लास्टीन व विन्‌क्रिस्टीन, तसेच एड्सवरील झिडोव्ह्यूडीन यांच्या प्रक्रिया विकसित करून त्या उद्योगांना दिल्या. दुसरीकडे, कोणतेही नवे संयुग इतरांनाही लगेच तयार करता येत असल्याने मूळ शोधासाठी दीर्घकाळ पैसा गुंतविण्याचे आकर्षण कमी झाले. गोरेगावचे केंद्रही १९८० नंतरच्या दशकात बंद झाले.

नव्या औषधाचा मार्ग किती लांबचा असतो हे सेंटक्रोमॅनवरून दिसते. नित्य आनंद (१९२५–२०२४) व त्यांचे सहकारी यांनी लखनौ येथे १९६० नंतरच्या दशकात हाती घेतलेल्या कामातून हे हॉर्मोनविरहित संततिप्रतिबंधक संयुग निघाले. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा व नंतर एकदाच घ्यावयाची ही गोळी ‘सहेली’ या नावाने बाजारात येण्यास १९९१ साल उजाडले. त्याच संस्थेने गुग्गुळापासून बनविलेल्या गुगुलिपिड या रक्तातील मेदावरील औषधाला भारतात मान्यता मिळाली. मात्र २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत त्याने कोलेस्टेरॉल कमी झाल्याचे आढळले नाही. परंपरेचा आधार हा परीक्षणाला पर्याय ठरू शकत नाही, असे यावरून म्हणता येईल.

१९९५ नंतरचा काळ : प्रक्रिया-संशोधनाचे सामाजिक मोल २००१ मध्ये स्पष्ट झाले. एड्सवरील तीन औषधांच्या एकत्रित उपचाराचा खर्च पाश्चात्त्य देशांत रुग्णामागे वर्षाला १०,००० डॉलरांहून अधिक असताना मुंबईच्या सिप्ला कंपनीने तो एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय सेवासंस्थेस ३५० डॉलरांत देऊ केला. आफ्रिकेतील असंख्य रुग्णांचे प्राण त्यानंतर वाचले, ते स्वस्त भारतीय औषधांमुळेच. दरम्यान जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार भारताने १ जानेवारी २००५ पासून उत्पादनावरील एकस्व पुन्हा लागू केले. तथापि ज्ञात संयुगाच्या किरकोळ बदललेल्या रूपाला, त्याची परिणामकारकता वाढल्याखेरीज, एकस्व नाकारणारे कलम ३ (घ) कायद्यात ठेवण्यात आले व त्याआधारे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये रक्ताच्या कर्करोगावरील एका औषधाबाबत नोव्हार्टिस कंपनीचा दावा फेटाळला. त्याच वर्षी अहमदाबादच्या झायडस कॅडिला कंपनीने स्वतः शोधलेले सॅरोग्लिटाझार हे मधुमेहींच्या रक्तातील मेदावरील औषध बाजारात आणले.

मूल्यमापन : ज्ञात औषध स्वस्तात तयार करण्यात भारताने जगात अग्रस्थान मिळविले, पण नव्या औषधांची संख्या अल्पच राहिली. याची कारणे बुद्धीच्या उणिवेत नसून दीर्घ मुदतीचे भांडवल, प्राण्यांवरील व रुग्णांवरील चाचण्यांच्या सोयी आणि प्रयोगशाळा, रुग्णालय व कारखाना यांतील दुवा यांच्या अभावात आहेत. मिळविलेले कौशल्य टिकविणेही सोपे नाही. चीनमधून स्वस्त पेनिसिलीन येऊ लागल्यावर भारतातील किण्वन कारखाने एकामागून एक बंद पडले आणि मूळ औषधिद्रव्यांचे उत्पादन देशात पुन्हा उभे करण्यासाठी सरकारला २०२० मध्ये प्रोत्साहन योजना आखावी लागली. काळा आजार, क्षय, हिवताप यांसारखे रोग प्रामुख्याने गरिबांचे असल्याने त्यांवरील औषधांकडे श्रीमंत बाजारपेठांचे लक्ष सहसा जात नाही. ब्रह्मचारींनी आपल्या खोलीत हाती घेतलेला प्रश्न म्हणूनच आजही औषधिरसायनशास्त्रज्ञांपुढे उभा आहे.