लग्नगडी : कर्ज त्याचे, गुलामी तिची

स्त्री-पुरुष विषमतेवर मराठीत लिहिणाऱ्या स्त्रियांचा विषय निघाला की पहिले नाव येते ताराबाई शिंदे यांचे. बुलढाण्याच्या या बाईंनी 1882 साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध छापला. एकाच गुन्ह्यासाठी बाईला फास आणि पुरुषाला मोकळीक का, हा त्यांचा सवाल होता. पण तो सवाल मुख्यतः उंबऱ्याच्या आतल्या बाईचा होता. जिला स्वतःचा उंबराच नव्हता, तिची हकीकत मराठीत यायला आणखी बराच काळ जावा लागला.

ती हकीकत आमच्या जव्हार-मोखाड्याच्या शेजारची आहे. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात गरीब वारली तरुण लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे उचलायचा. फेड मजुरीतून. मजुरी नावापुरती, हिशेब मालकाच्या हाती. कर्ज फिटायचे नाही. या माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. अंगठा एकट्या नवऱ्याचा, राबायची मात्र दोघे. तिने शेण काढायचे, दळण-कांडण करायचे आणि मालकाची वाईट नजरही सोसायची. तिच्या अब्रूची नोंद कुठल्या वहीत असणार?

23 मे 1945 रोजी झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही, असे त्यांनी ठरवले. लग्नगडी मोकळे होऊ लागले. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, तरी माणसे मागे हटली नाहीत. चळवळीचे वारे पुढे जव्हारकडेही आले. शामराव परुळेकरांच्या बरोबरीने या लोकांत राहिलेल्या गोदावरी परुळेकर कायद्याच्या पदवीधर होत्या. त्यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ 1970 मध्ये आले, 1972 मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पाड्यावरच्या बायकांनी विश्वासाने सांगितले म्हणूनच हे दुःख कागदावर आले.

उर्दूच्या वाचकाला येथे डॉ. रशीद जहाँ आठवतात. 1932 च्या ‘अंगारे’ संग्रहात त्यांनी पडद्याआडच्या बाईचे दुखणे मांडले. 1933 मध्ये सरकारने पुस्तकावर बंदी घातली. एक डॉक्टर, एक वकिलीचे शिक्षण घेतलेली. दोघींनी आधी ऐकले, मग लिहिले.

आमच्या निकाहात मेहर हे नवऱ्यावरचे कर्ज आहे, बायकोचा हक आहे. लग्नगड्याच्या घरी नेमके उलटे घडले. लग्नाच्या कर्जात बायकोच गहाण पडली. पण अभिमान बाळगण्यापूर्वी स्वतःच्या घरात डोकावलेले बरे. किती घरांत मेहर हातात पडतो आणि किती घरांत तो मयतीच्या वेळी माफ करून घेतला जातो? हुंड्याचे काय?

वेठबिगारी 1975-76 मध्ये कायद्याने बंद झाली. तरीही दिवाळी सरली की जव्हार-मोखाड्यातली कुटुंबे वीटभट्टीवर निघतात. उचल घेतो घरधनी, विटा पाडतात दोघे. तिची मजुरी वेगळी मोजली जात नाही.

म्हणून आम्हाला वाटते, मुलींची तालीम नोकरीपुरती नसावी. ज्या वहीत आपले नावच नाही, ती वही वाचता आली पाहिजे आणि तिच्या शेजारी आपली दुसरी वही उघडता आली पाहिजे. ताराबाई, गोदावरीबाई आणि रशीद जहाँ यांनी तेच केले.